घरचा अनुभव

“पुढे?” अध्यक्षांनी विचारले.

मुलीने नाव सांगितले होते. प्रज्ञा सुरेश. आणि तिथेच थांबली होती.

“पुढे काहीतरी असेल ना, बाळ?”

तिचे पूर्ण नाव अध्यक्षांच्या समोरच्या कागदावर छापलेले होते. तरी त्यांना ते तिच्या तोंडून ऐकायचे होते. तिने आडनाव सांगितले. ते ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एक हलके समाधान आले. उलगडा झाल्याचे समाधान. ते मला चांगले ठाऊक आहे. उभे आयुष्य मी ते समोरून पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदा शेजारच्या खुर्चीतून पाहिले.

“वडील काय करतात?”

“ड्रेनेजला आहेत. सफाईच्या गँगमध्ये.”

“आणि आजोबा?”

“तेपण तिथेच होते, सर.”

“मग प्रश्नच मिटला. घरचा अनुभव आहे. हिला मलनिःसारण द्या.” अध्यक्ष माझ्याकडे वळले. “काय साहेब, बरोबर ना?”

मी मान हलवली.

एवढेच घडले. कोणी आवाज चढवला नाही. कोणी शिवी दिली नाही. अध्यक्षांनी तिला “बाळ” म्हटले, पाण्याचा ग्लास स्वतःच्या हाताने तिच्यापुढे सरकवला, आणि बाहेर जाताना “खूप मोठी हो” असा आशीर्वाद दिला. लोअर परळमधली ती काचेची इमारत. पूर्वी त्याच जागी मिल होती, आणि माझे वडील तिथे साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. वातानुकूलित खोली. पाच खुर्च्या. त्यांतल्या एका खुर्चीत मी.

शासनाची ही शिष्यवृत्ती पाण्याच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. निवड झालेल्यांची पुढच्या शिक्षणाची फी शासन भरते, दरमहा विद्यावेतन देते, आणि शिक्षण संपले की त्याच क्षेत्रात नोकरी देते. शाखा दोन. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण. विद्यार्थ्याने पसंती सांगावी आणि समितीने योग्यता पाहून शाखा ठरवावी, असा नियम आहे. समितीवर आमच्या समाजातला एक सदस्य असावा, असाही नियम आहे. तो सदस्य मी होतो. पाणी खात्यात तीस-एक वर्षे अभियंता म्हणून काढलेला, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, बौद्ध. तीन पात्रता एकाच माणसात. शासनाला सोयीचा.

प्रज्ञाच्या आधी एक मुलगा येऊन गेला होता. त्याला कोणी “पुढे?” विचारले नाही. त्याचे वडील पाणी खात्यात मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते आणि अध्यक्ष त्यांना ओळखत होते. अध्यक्ष त्यालाही हेच म्हणाले होते, घरचा अनुभव आहे. त्याला पाणीपुरवठा मिळाला. वाक्य तेच. आवाजही तोच. मी दोन्ही वेळा मान हलवली.

ड्रेनेजचे काम कमी प्रतीचे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते एक आठवडा बंद पडले तर हे शहर राहण्याजोगे उरणार नाही. पण त्या मुलीला पाण्याची गुणवत्ता शिकायची होती. तिने सांगायला सुरुवातही केली होती. लहानपणी त्यांच्या मजल्यावर नळाला गढूळ पाणी आले, अर्धा मजला काविळीने पडला, तेव्हापासून तिच्या डोक्यात हा विषय होता. वाक्य अर्धे झाले असताना अध्यक्षांनी वडिलांचा धंदा विचारला. अर्धे वाक्य तिथेच राहिले. माझ्या शेजारी. मी ते उचलले नाही.

ती मान अशी आपोआप कशी हलली, हे मी पुष्कळ दिवस शोधत राहिलो. शोध ठाकूरद्वारला जाऊन थांबला.

नोकरीला लागून मला वर्षही झाले नव्हते. ठाकूरद्वारच्या एका वाडीसमोर जुनी जलवाहिनी फुटली होती. दोन दिवस मी त्या खड्ड्यात होतो. कंबरेपर्यंत चिखल. सांधा माझ्या देखरेखीखाली बसला आणि चांगला बसला. आमच्यात तेव्हा एक रीत होती. वाहिनी दुरुस्त झाली की आधी गढूळ पाणी सोडून द्यायचे आणि स्वच्छ पाणी लागले की काम करणाऱ्या अभियंत्याने जवळच्या नळाचा पहिला पेला लोकांसमोर प्यायचा. आम्ही पितो आहोत, तुम्हीही प्या, असा त्याचा अर्थ. कुठे लिहिलेली रीत नव्हती. पण खात्यात तिला मान होता. पहिल्या पेल्याची मी दोन दिवस वाट पाहत होतो. लहान मुलासारखी.

वाडीतले एक काका खड्ड्याच्या काठाशी खुर्ची टाकून बसत. चहा पाठवत. गप्पा मारत. गप्पांच्या ओघात त्यांनी विचारले, आपण कुठले? मी वरळी म्हणालो. वरळीत कुठे? बीडीडी. तिथे आमची वस्ती मोठी, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक. काकांनी पुढे काही विचारले नाही. चहा येत राहिला. फक्त संध्याकाळपासून माझा चहा कागदी कपात येऊ लागला. बाकीच्यांचा पूर्वीसारखाच कपबशीत.

पाणी आले. वाडीतली माणसे जमली. काकांच्या घरून स्टीलचा पेला आला. मी हात धुतले, पेला नळाखाली धरला, भरला. ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात माझ्या वरिष्ठांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. अगदी हळू. लोकांच्या लक्षातही येऊ नये इतक्या हळू.

“तुम्ही राहू द्या. इथली मंडळी जुन्या वळणाची आहेत. पेला त्यांच्या घरचा आहे.”

त्यांनी पेल्यातले पाणी ओतून टाकले. पेला विसळला. पुन्हा भरला आणि ते प्याले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान हलवली. तेव्हा पहिल्यांदा.

त्या प्रसंगाचा मला राग आला नाही, हे मला आज सर्वांत जास्त बोचते. वरिष्ठांनी प्रसंग सांभाळून घेतला, असे मला वाटले. मी त्यांचा आभारी होतो. पुढे मी स्वतः वरिष्ठ झालो तेव्हा पहिला पेला नेहमी हाताखालच्या अभियंत्याला देत राहिलो. तूच पी, काम तुझे आहे, असे म्हणायचो. सगळे मला मोठ्या मनाचा समजत. मीही समजत होतो. वास्तविक मला कोणाच्या घरचा पेला हातात धरायचा नव्हता. अपमान टाळायची ती माझी युक्ती होती आणि मी तिला औदार्य म्हणत होतो. अशा माणसाची मान चांगली तयार होते. कोणी नुसते “बरोबर ना?” म्हटले की पुरे.

मुलाखती संपल्यावर मी खाली उतरलो. इमारतीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथे प्रज्ञा उभी होती. शेजारी तिचे वडील. सुरेश. मी त्याला ओळखले. चाळीत आमच्या मागच्या इमारतीत राहायचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. क्रिकेट खेळताना मला दादा म्हणायचा.

“जय भीम, साहेब,” तो म्हणाला.

“जय भीम.” मग मी मुलीकडे पाहून म्हणालो की काळजी करू नकोस, तुझी निवड झाल्यासारखीच आहे.

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. “सर, मला ड्रेनेज नको होतं.”

“मला कल्पना आहे. पण—”

“मी सांगणार होते. ते बोलत होते तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. मला माहीत होतं तुम्ही आपले आहात. पप्पांनी सांगितलं होतं. म्हटलं, सर काहीतरी बोलतील, मग मी बोलीन. तुम्ही मान हलवलीत. मग मी गप्प बसले.”

सुरेश तिच्यावर चिडला. “ए, सरांशी असं बोलतात काय? साहेब, मनावर घेऊ नका. पोरगी आहे, तोंडाला येईल ते बोलते.”

पण ती तोंडाला येईल ते बोलली नव्हती. शब्द तोलून बोलली होती. मी चहाचे पैसे दिले आणि निघालो. पैसे द्यायची मला फार घाई झाली होती.

त्या वेळी अजून वेळ होता. निवड जाहीर व्हायची होती. मी अध्यक्षांना फोन करू शकलो असतो. बैठक पुन्हा बोलवा, असे सांगू शकलो असतो. मी केले नाही. घरी पत्नीला सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, मग उद्या बोलणार ना त्यांच्याशी?” मी म्हणालो, बघू. ती पुन्हा भाजी निवडू लागली. इतक्या वर्षांत माझे “बघू” तिला पाठ झाले होते.

निवड जाहीर झाली. पाणीपुरवठ्याला कोण आणि मलनिःसारणाला कोण, हे नावे न वाचताही मला सांगता आले असते. आडनावांची फाळणी.

प्रमाणपत्रे देण्याचा समारंभ दादरच्या एका सभागृहात होता. व्यासपीठावर तांब्याचा कलश, त्यात म्हणे सात नद्यांचे पाणी. अध्यक्षांनी कलशाला हार घातला. पाणी म्हणजे जीवन, पाणी भेद करत नाही, असे ते बोलले. चांगले बोलले. टाळ्या पडल्या. मग ते माझ्या कानाशी वाकले.

“पाणीपुरवठ्याची प्रमाणपत्रं मी देतो. ड्रेनेजची तुमच्या हस्ते. मुलांना आपलं माणूस दिसलं की बरं वाटतं.”

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होते की ते माझा मान राखत आहेत. आणि मला ठाकूरद्वार आठवले. पेला विसळतानाचा तो आवाज. त्या वरिष्ठांनीही माझा मान राखला होता.

पाणीपुरवठ्याची मुले एकेक करून गेली. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझे नाव घेतले आणि पाठोपाठ प्रज्ञाचे. ती वर आली. पांढरा कुडता, निळी ओढणी. प्रमाणपत्र माझ्या हातात होते. समोर तिसऱ्या रांगेत सुरेश बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात मोबाईल धरून फोटोच्या तयारीत.

मी माईकजवळ गेलो. ठरवून गेलो नव्हतो. पाय गेले.

“प्रज्ञा, तुला कोणती शाखा हवी होती?”

तिने माझ्याकडे पाहिले.

“पाणीपुरवठा,” ती म्हणाली.

“मुलाखतीत तुला हे विचारलं गेलं का?”

“नाही.”

मी सभागृहाकडे वळलो. माझा आवाज मुळात बारीक आहे. माईक असूनही मागच्यांना ऐकू गेला असेल की नाही, सांगता येत नाही. मी म्हणालो, “या मुलीची शाखा तिच्या वडिलांचं काम पाहून ठरवली गेली. मी त्या वेळी हजर होतो. मी मान हलवली. ती मी आज मागे घेतो. हे प्रमाणपत्र माझ्या हातून दिलं जाणार नाही.”

कोणीतरी खोकले. मला वाटले, आता काहीतरी होईल. कोणी उठेल, कोणी ओरडेल, निदान मला खाली बसवतील. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई हसतमुखाने पुढे आल्या.

“सरांनी अतिशय हृद्य शब्दांत आपलं मनोगत व्यक्त केलं. त्यांचे मनःपूर्वक आभार. पुढील नाव...”

टाळ्यासुद्धा पडल्या.

अध्यक्षांनी माझ्या हातातून प्रमाणपत्र काढून घेतले. अगदी हळू. लोकांच्या लक्षातही येऊ नये इतक्या हळू. त्यांनी ते प्रज्ञापुढे धरले. तिने हात पुढे केला नाही. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, इकडे बघा. ती त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली.

सभागृहाबाहेर सुरेशने मला गाठले. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर सोपे गेले असते. या वेळी तो मला साहेब म्हणाला नाही.

“दादा, तुमचं नाव झालं. पोरीचं काय?”

प्रश्न बरोबर होता. व्यासपीठावर उभे राहण्यापूर्वी मी तिला विचारले नव्हते. तुला हे चालेल का, तुला हे परवडेल का, हे मी तिला एका शब्दाने विचारले नव्हते. अध्यक्षांनी तिला न विचारता तिची शाखा ठरवली. मी तिला न विचारता तिचे बंड ठरवले. माझ्या प्रायश्चित्तासाठी मी तिच्या पाठीवर पाय देऊन उभा राहिलो. अध्यक्षांत आणि माझ्यात फार मोठा फरक आहे असे मला वाटत होते. सुरेशच्या डोळ्यांत तो दिसत नव्हता.

त्यानंतर मी जे करायचे ते केले. सगळे उशिरा केले. वरती तक्रार दिली. माणसांना भेटलो. प्रज्ञाची शाखा बदलावी, निदान शिष्यवृत्ती चालू ठेवावी, अशी विनंती केली. उत्तर आले. उमेदवाराने प्रमाणपत्र स्वीकारले नसल्याने जागा प्रतीक्षेतील विद्यार्थ्याला देण्यात आली आहे. आणि निवडीबाबत समितीचा निर्णय एकमताने झाला होता.

एकमताने. त्यात खोटे काही नव्हते. त्या एकमतात माझे मत होते.

मला समितीवरून कमी करण्यात आले. माझ्या जागी आमच्याच समाजातले एक गृहस्थ आले. खात्यात मला कनिष्ठ, स्वभावाने चांगले. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, “सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण आत राहूनच काहीतरी करता येतं. थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं.” हे वाक्य मी वर्षानुवर्षे स्वतःलाच सांगत आलो होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती पोकळ वाटले. मी त्यांना विचारले की आत राहून तुम्ही काय करणार? ते म्हणाले, बघू.

सुरेशने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ड्रेनेजच्या नोकरीत वारसाहक्क असतो. बाप उतरला की मुलाला किंवा मुलीला त्याच जागी घेतात. बाकी कुठल्या खात्यात हा हक्क एवढा सहज मिळत नाही. इथे मिळतो. सरकारला खात्री असते की दुसरे कोणी मागायला येणार नाही. घरात धाकटा भाऊ शिकणारा. चाळ पाडायला काढलेली, संक्रमण शिबिरातली खोली, आईचे औषधपाणी. प्रज्ञाने पदवीची कागदपत्रे बाजूला ठेवली आणि बापाच्या जागेवर सही केली.

मी तिला भेटायला गेलो. परळच्या ड्रेनेज चौकीत. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. खात्याचा नारंगी कोट तिला मोठा होत होता. बाह्या दुमडलेल्या. मी माफी मागायला गेलो होतो आणि वाटेत वाक्ये जुळवली होती. तिला पाहिल्यावर ती सगळी निरुपयोगी झाली.

“इंजिनिअर असून या गँगमध्ये,” मी म्हणालो.

“मुकादम म्हणतो, घरचा अनुभव आहे, लवकर शिकशील.” ती हसली. ते हसणे माझ्यासाठी नव्हते. मग गंभीर झाली. “सर, स्टेजवर तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मला तोपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं. पण ते मुलाखतीत विचारायला हवं होतं. तिथे विचारलं असतं तर उपयोग होता.”

गाडी आली. गँगमधल्या बायकांनी तिला हाक मारली. ती मागे चढून बसली.

ती पुढे परीक्षा देईल, सुटेल, असे मला लोक सांगतात. मलाही तसे म्हणावेसे वाटते. मी म्हणणार नाही. ते म्हटले की मला झोप लागेल, आणि मला ती नको आहे. तिची जागा गेली. ती जागा परत येणार नाही. माझ्या मानेने ती गेली आणि माझ्या भाषणाने तिचा दरवाजा बंद झाला. याची बेरीज-वजाबाकी मी करत बसलेलो नाही.

माझी मान आता ताठ झाली आहे, असाही माझा दावा नाही. तीस वर्षांची सवय आहे. परवाच सोसायटीच्या बैठकीत कोणी काही म्हणाले आणि ती हलली. कशाला, ते मला नंतर कळले.

म्हणून मी या मानेवर भरवसा ठेवणार नाही. येत्या मुलाखतींच्या दिवशी मी रजा टाकणार आहे. त्या काचेच्या इमारतीच्या फाटकाशी, चहाच्या टपरीपाशी उभा राहणार आहे. वर मला कोणी घेणार नाही आणि मला जायचेही नाही. खालून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला मी थांबवणार आहे. सुरक्षारक्षकाने हटवले तर रस्त्यापलीकडे उभा राहीन. पुढच्या वर्षीही. निवृत्त झाल्यावरही.

आधी मी त्यांना माझे सांगणार आहे, मी वर बसून काय केले ते. माझ्या स्वतःच्या तोंडून, माझ्या आडनावासकट. मग एवढेच सांगणार आहे: तुझी शाखा तुला कोणी विचारणार नाही, तूच पहिल्या वाक्यात सांग. वडिलांचे काम विचारले तर सांग, आणि नंतर तुझी शाखा पुन्हा सांग. आत एका खुर्चीत आपले माणूस बसलेले दिसेल. त्याच्यासाठी थांबू नकोस. त्याच्या मानेकडे बघू नकोस.